फेस्ताचा हिशेब आणि चारशे वर्षांचा इतिहास

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते. शाळेत शिक्षिका आहे आणि गेली अकरा वर्षे रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) मुलांना धर्मशिक्षण देते. मागच्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) जमाखर्चावरून आमच्या गावात दोन तट पडले आहेत. फादरांनी हिशेब फलकावर लावला नाही, काही जणांनी त्यांच्यावर उघड आरोप केले आणि सात-आठ घरांनी चर्चला येणेच सोडले. ती घरे आता बाजारातल्या एका भाड्याच्या सभागृहात भरणाऱ्या प्रार्थनासभेला जातात. माझी सख्खी धाकटी जाऊ त्यांच्यात आहे आणि तिथे पुन्हा बाप्तिस्मा घेण्याचा तिचा विचार चालला आहे. ती म्हणते, "तुमचे चर्च बिघडले, आमचे पहिल्या चर्चसारखे आहे." हे कमी म्हणून की काय, गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाने वर्गात उभे राहून विचारले, "टीचर, आपल्या पूर्वजांना गोव्यात जबरदस्तीने बाटवले ना? मग आपण अजून चर्चला का जातो?" मी विषय बदलला आणि घरी येऊन रडले. फादर म्हणतात, असल्या गोष्टी मुलांपुढे काढू नयेत, श्रद्धा डळमळते. त्या मुलाला मी काय सांगू? जावेला काय सांगू? आणि मीही तिच्याबरोबर जावे का?

— एक शिक्षिका, सिंधुदुर्ग

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण मी आधी त्या नववीतल्या मुलाकडे वळतो, कारण तो महिनाभर खोळंबून बसला आहे. आपण वर्गात दिलेली उत्तरे मुले विसरतात. कोणत्या प्रश्नाला बाईंनी विषय बदलला, हे मात्र त्यांच्या पक्के लक्षात राहते. तुम्ही गडबडलात यात गुन्हा काही नाही. चाळीस वर्षे इतिहास शिकवूनही काही प्रश्नांना मी घसा खाकरून वेळ काढलेला आहे. परंतु आता त्याला उत्तर द्यायचे, ते पूर्ण द्यायचे आणि तारखांसह द्यायचे.

त्याला सांगा की गोष्ट खरी आहे. १५४० मध्ये गोव्यातल्या तिसवाडीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली आणि पुढच्या काही दशकांत बारदेश व सासष्टीतही तेच झाले. आज फोंड्याला मंगेशी आणि शांतादुर्गेची जी देवळे आपण पाहतो, ते देव सासष्टीतल्या आपल्या मूळ गावांतून उठवून पलीकडच्या, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेरच्या मुलखात न्यावे लागले होते. तुमच्या शेजारच्या एखाद्या हिंदू घराची कुलदेवता कदाचित त्यांतलीच असेल. १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुले ख्रिस्ती पालकत्वाखाली देण्याची तरतूद केली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मचौकशीचे, न्यायालय बसले आणि मधली चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. त्याच्या तावडीत जे सापडले, त्यांत ख्रिस्ती झालेले लोकच मोठ्या संख्येने होते, हेही त्याला सांगा. ज्यांनी धर्म बदलला त्यांच्या घरात जुने काही उरले आहे का, हे हुडकणे हेच त्या न्यायालयाचे मोठे काम होते. १७३६ च्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती घरांना मनाई केलेल्या गोष्टींची लांबलचक यादी आहे: दारात तुळस लावू नये, धोतर नेसू नये, आणि मिठाशिवाय भात शिजवू नये.

हे शेवटचे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले आणि मग आले नाही. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात भाताच्या आधणात मीठ पडलेच पाहिजे असा दंडक होता. भिंतीपलीकडच्या हिंदू घरात भात अळणी शिजत असे आणि मीठ पानात डावीकडे वाढले जात असे. लहानपणी मला वाटायचे, हा चवीचा भेद आहे. आजीच्या चिमूटभर मिठामागे खरोखरच तो हुकूमनामा होता असे मी सिद्ध करू शकणार नाही. परंतु कोणा घरात भात कसा शिजतो याची चौकशी जी धर्मसत्ता करते, तिने सुवार्तेचा कोणता भाग वाचला होता, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

मुलाच्या वाक्यात एक शब्द मात्र दुरुस्त करा. "आपल्या पूर्वजांना" असे सरसकट म्हणता येत नाही. काही कुटुंबांवर कायद्याची आणि भीतीची सक्ती झाली, काहींनी जमीन, नोकरी किंवा वतन राखण्यासाठी धर्म बदलला, काही ठिकाणी गावच्या गाव एकदम आले आणि काही माणसे मनापासून आली. त्याच्या स्वतःच्या घराण्याचे यांतले काय झाले, हे त्याला, तुम्हाला किंवा मला ठाऊक नाही. अत्याचार झालेल्यांचे वंशज म्हणून मिरवणे आणि धर्मवीरांचे वंशज म्हणून मिरवणे, ही दोन्ही कामे कागदपत्रांशिवाय करू नयेत.

आता त्याचा दुसरा प्रश्न, "मग आपण अजून का जातो?" हा पहिल्यापेक्षा चांगला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तुमच्या गावाच्या जागेतच आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती घरे गोव्यातून वर आली. कोणी करांना कंटाळून, कोणी साथीच्या रोगात, कोणी लढायांत, कोणी इन्क्विझिशनच्या धाकानेही. ती सावंतवाडीच्या भोसल्यांच्या मुलखात येऊन राहिली. तिथे पोर्तुगालच्या राजाचा कायदा चालत नव्हता. कोणाला परत फिरायचे असते, तर तेरेखोलच्या अलीकडे त्याला अडवायला इन्क्विझिशनचा शिपाई येणार नव्हता. उत्तरेला वसईतही तेच घडले: मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, युरोपीय पाद्री गेले, आणि राज्य पेशव्यांचे झाले. ज्या धर्माला केवळ तलवारीचा टेकू असतो, तो तलवार गेल्यावर एका पिढीत ओसरायला हवा होता. वसईतील शेतकरी आणि कोळी घरांनी तो गोव्याच्या आणि स्थानिक धर्मगुरूंच्या आधाराने आपणहून राखला, आणि तुमच्या गावातल्यांनी दारातला क्रूस राखला. म्हणजे सुरुवात कशीही झाली असो, धरून ठेवण्याचा निर्णय नंतर अनेक पिढ्यांनी मोकळेपणी घेतला, आणि त्या मुलालाही तो मोकळेपणीच घ्यायचा आहे. त्याला हे शेवटचे अर्धे वाक्य जरूर ऐकवा.

फादरांची काळजी मी समजू शकतो, पण तिच्याशी सहमत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये भर मिस्सात चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली आणि सत्याच्या सेवेच्या नावाखाली जी सक्ती झाली तिचा त्यात स्वतंत्र उल्लेख होता. जे पोपमहाशयांनी सगळ्या जगापुढे उच्चारले, ते वेंगुर्ल्यातील पंधरा मुलांपुढे झाकून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. आपण कुमसाराला (पापांची कबुली द्यायला) जातो तेव्हा शेजाऱ्याची पापे सांगत नाही आणि आपली कमी करूनही सांगत नाही. चर्चचा इतिहास मुलांना शिकवण्याची रीत याहून वेगळी असू नये, असे माझे मत आहे.

यावर कोणी म्हणेल, मग चांगले काहीच सांगायचे नाही का? सांगायचे, पण पारडे समतोल करण्यासाठी वजन टाकावे तसे नव्हे. ज्या सासष्टीत देवळे पडली, त्याच सासष्टीतल्या रायतूरला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ख्रिस्तपुराण छापले गेले, मराठी ओवीत. आणि १६८४ मध्ये त्याच गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांची भाषा बंद करून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागा असा हुकूम काढला. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारा, यांतले कोण तुमच्या आजीशी बोलत होते? आणि संत जुझे वाझ यांची गोष्ट सांगा. १६५१ मध्ये बाणावलीला जन्मलेला हा कोकणी माणूस १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेषात श्रीलंकेत शिरला, कारण तिथे डचांनी कॅथलिकांवर बंदी घातली होती. म्हणजे छळणारेही ख्रिस्ती आणि छळले जाणारेही ख्रिस्ती! कँडीच्या बौद्ध राजाने त्याला आधी पोर्तुगीज हेर समजून तुरुंगात टाकले आणि पुढे त्याच राजघराण्याने त्याला आसरा दिला. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझ आणि त्यांचा एक सोबती घरोघर जाऊन त्यांची शुश्रूषा करत राहिले. त्यांच्यामागे कोणतेही राज्य उभे नव्हते, तरीही त्यांचे काम टिकले. ते १७११ मध्ये कँडीतच वारले.

आता तुमच्या जावेकडे येऊ. पहिल्या चर्चसारखे होण्याची तिची इच्छा सुंदर आहे, फक्त पहिले चर्च कसे होते ते तिने पुन्हा एकदा वाचावे. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडा. यरुशलेममध्ये चर्च नुकतेच उभे राहिले होते, पेत्र आणि योहान हयात होते, आणि भांडण काय होते? रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, ही तक्रार. म्हणजे तुमच्या फेस्ताच्या हिशेबाचेच भांडण. प्रेषितांनी "श्रद्धा ठेवा आणि गप्प बसा" असे सांगितले नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावले आणि सात विश्वासू माणसे तुम्हीच निवडा म्हटले. त्या सात जणांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकोलाव. सगळी नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिले गेले असावे असा त्यावरून बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे. मला चर्चच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो आणि सर्वांत कमी अनुकरण झालेलाही. त्यानंतर वीसएक वर्षांनी पौलाला करिंथकरांना लिहावे लागले की तुमच्यात कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा; आणि प्रभुभोजनाला एक जण उपाशी राहतो तर दुसरा पिऊन तर्र होतो. न बिघडलेले चर्च असा काळ कधी होता, हे मला अजून सापडलेले नाही.

पुन्हा बाप्तिस्मा घेण्याच्या विचाराबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या गावातला वाद सतराशे वर्षांपूर्वी जवळजवळ असाच होऊन गेला आहे. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला आणि धर्मग्रंथ जप्त करण्याचा हुकूम दिला. उत्तर आफ्रिकेत काही पाद्र्यांनी जीव वाचवण्यासाठी ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ थांबल्यावर कार्थेजला सीसिलियन नावाचा नवा बिशप झाला, तेव्हा एका गटाने आक्षेप घेतला की त्याला दीक्षा देणाऱ्या बिशप फेलिक्सने ग्रंथ हवाली केले होते, म्हणून ही दीक्षा बाद. त्यांनी आपला वेगळा बिशप केला आणि पुढे डोनाटस हा त्यांचा पुढारी झाला. त्यांचे म्हणणे, भ्रष्ट हाताने दिलेला संस्कार संस्कारच नव्हे. म्हणून ते आपल्याकडे येणाऱ्यांना नव्याने बाप्तिस्मा देत. सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळात फेलिक्सची रीतसर चौकशी झाली, तेव्हा त्याच्याविरुद्ध पुढे केलेल्या पत्रात आपण मजकूर घुसडला, हे एका माणसाने कबूल केले. फेलिक्स निर्दोष ठरला. पण तोवर गावोगाव दोन वेद्या झाल्या होत्या, आणि मने तयार झाली की कागद कोण पाहतो? ४११ मध्ये कार्थेजच्या परिषदेला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप जमले होते, यावरून ही फूट किती खोल गेली होती ते कळेल.

हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी या वादात जे म्हटले, ते आजही आपली शिकवण आहे. पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी तो ख्रिस्तच देतो आणि यहुदाने दिला तरी ख्रिस्तच देतो, असे त्यांचे म्हणणे होते. तुमच्या जावेचा बाप्तिस्मा ज्या फादरांनी केला त्यांचे चारित्र्य कसे होते, यावर तो अवलंबून नाही. तो झाला आहे आणि तो पुरेसा आहे. एवढे तिला प्रेमाने सांगा.

पण ताई, त्याच ऑगस्टीनची दुसरी बाजू मला तुमच्यापासून लपवता येणार नाही, नाहीतर मी फादरांसारखाच होईन. वादविवादाने डोनाटसवादी वळत नाहीत असे पाहून त्यांनी पुढे सरकारी बळ वापरण्याचे समर्थन केले आणि लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दाखल्यातले "त्यांना आत येण्यास भाग पाड" हे शब्द त्यासाठी आधाराला घेतले. त्यांच्या काळात त्याचा अर्थ मुख्यतः दंड आणि जप्ती असा होता. नंतरच्या शतकांत सक्ती करणाऱ्यांनी हाच आधार पुन्हा पुन्हा उचलला, आणि तो धागा पुढे इन्क्विझिशनपर्यंत येतो. एका थोर माणसाने फूट सांधण्याच्या तळमळीने लिहिलेले वाक्य कुठल्या हातांत पडले ते पाहा. म्हणून तुमच्या जावेच्या घरी बोलणे बंद करणे, लग्नकार्याचे आमंत्रण तोडणे, दफनभूमीचा धाक घालणे, यांतले काहीही तुम्ही किंवा तुमच्या बाजूच्या लोकांनी करू नये. लहान प्रमाणातले असले तरी ते भाग पाडणेच आहे.

फुटीचा सांधा किती उशिरा बसतो, याचेही उदाहरण दूर शोधायला नको. मुंबईत पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो (म्हणजे चर्चच्या नेमणुकांचा) अधिकार आणि रोमच्या प्रोपागांडा या धर्मप्रसार मंडळाचा अधिकार यांच्यात १७९४ पासून चर्चे वाटली गेली. श्रद्धा एक, मिस्सा एक, लॅटिन प्रार्थना तीच, पण बिशप दोन. १८५३ मध्ये वरच्या माहीमच्या चर्चमध्ये प्रोपागांडाचे बिशप हार्टमन आत आणि विरुद्ध पक्षाचे लोक बाहेर वेढा घालून, अशी वेळ आली. अखेर सरकारी अंमलदाराला मध्ये पडावे लागले. हा दुहेरी अधिकार १९२८ मध्ये संपला, म्हणजे १३४ वर्षांनी.

आता हिशेबाचे. "पाद्री कसाही असो, संस्कार खरा" ही शिकवण काही ठिकाणी "म्हणून पाद्र्याला काही विचारू नका" अशी वापरली जाते. ऑगस्टीनने असे म्हटलेले नाही आणि चर्चचा कायदाही असे म्हणत नाही. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधानसंहितेतील कलम ५३७ प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वित्त समिती असलीच पाहिजे असे सांगते. कलम १२८७ नुसार श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा असतो. आणि कलम २१२ नुसार चर्चच्या हिताबद्दलचे आपले मत धर्मगुरूंना कळवण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे, कधीकधी ते कर्तव्यही आहे. तेव्हा फादरांना एक पानाचे साधे पत्र लिहा. आरोप लिहू नका. फेस्ताची जमा किती, खर्च किती, शिल्लक कुठे, आणि वित्त समितीत कोण कोण आहेत, एवढेच विचारा. खाली दोन्ही तटांतल्या माणसांच्या सह्या घ्या. समितीत जागा रिकाम्या असतील तर गेलेल्या सात-आठ घरांपैकी कोणाला तरी घ्यावे, असे सुचवा. यरुशलेममध्ये हेच केले होते. महिनाभर उत्तर आले नाही तर तेच पत्र बिशपांकडे पाठवा आणि त्याची प्रत फादरांना द्या, म्हणजे पाठीमागून काही केले असे होणार नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या तरुणपणी एका गावात चर्चच्या कौलांच्या वर्गणीवरून दोन भावांनी एकमेकांचे अंगण वर्ज्य केले होते. एकोणीस वर्षांनी वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात, वाळवीने कडा खाल्लेली, ती वही मिळाली. जांभळ्या शाईत प्रत्येक घराचे नाव, रुपये, आणे, कौलांची संख्या, गाडीभाडे, सगळे लिहिलेले होते. सत्तेचाळीस रुपयांचा फरक होता आणि तो काही सापडला नाही. वही दाखवा असे कोणी म्हटले नव्हते आणि ज्यांच्याजवळ होती त्यांनी आपणहून दाखवली नव्हती. तोवर थोरला भाऊ वारला होता.

तुम्ही जावेबरोबर जावे का, या प्रश्नाला मी नाही म्हणतो. तिथली माणसे वाईट आहेत म्हणून नव्हे. त्यांच्यातले पुष्कळ तुमच्यापेक्षा जास्त प्रार्थना करत असतील. पण हिशेब मिळाला नाही म्हणून निघालेल्या माणसाला भाड्याच्या सभागृहातही एक दिवस हिशेब विचारावाच लागेल, आणि तुमच्या वर्गातल्या मुलांना त्या दिवसापर्यंत शिकवणारे कोणी उरणार नाही. तिच्या प्रार्थनासभेला एखाद्या संध्याकाळी पाहुणी म्हणून जाऊन बसायला मात्र काहीच हरकत नाही.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर त्या मुलाला सगळ्या वर्गासमोर सांगा की मागच्या महिन्यात त्याने चांगला प्रश्न विचारला होता आणि टीचरने विषय बदलला, ती चूक होती. फळ्यावर १५६० आणि १८१२ लिहा, मध्ये १६१६ आणि १७३६ लिहा, आणि १७३६ पाशी थांबून मुलांना गृहपाठ द्या: घरी जाऊन आजीला विचारायचे की आपल्याकडे भाताला मीठ केव्हा घालतात, आणि तिला ते कोणी शिकवले.

तुमचा,
सदरलेखक